इंटर्नल लावलं, एरर गेला... मग पुढे?

मागच्या अंकात ग्रेडलच्या (कोडपासून ॲप तयार करणारं साधन, त्या तयार करण्याला बिल्ड म्हणतात) प्लगिनवर, म्हणजे त्याला आपण जोडायच्या तुकड्यावर, चार ओळी लिहिल्या होत्या, की बिल्ड फाइलमधे कॉपी-पेस्ट वाढायला लागलं की प्लगिन लिहायची वेळ झाली असं समजा. त्यावर इतके मेल आलेत की या वेळी दुसरं काही घेतलंच नाही. कोडमधली नावं इथे देवनागरीत लिहितेय, टाइप करताना अर्थातच इंग्रजीत करा.

प्रश्न : ताई, आमच्या अँड्रॉइड ॲपचे १४ मॉड्यूल आहेत आणि प्रत्येकाच्या बिल्ड फाइलमधे त्याच त्याच साठ-सत्तर ओळी. एसडीके व्हर्जन बदलायचं म्हटलं की १४ ठिकाणी हात घालावा लागतो. टीम लीड म्हणाले तू प्लगिन लिही. मी आजवर बिल्ड फाइलला लांबूनच नमस्कार करत आलोय. कुठून सुरू करू? (पिंपरीहून एक वाचक)

उत्तर : प्लगिन म्हणजे फार मोठं काही नसतं हो, एक क्लास, त्यात अप्लाय नावाची एक मेथड, ग्रेडल तिच्या हातात प्रोजेक्ट देतं आणि तुम्ही त्याला काय हवं ते लावायचं, संपलं. आणि तुमच्या कामाला तर क्लासही लागत नाही. मुख्य प्रोजेक्टच्या शेजारी बिल्ड-लॉजिक नावाचं फोल्डर करा, त्यात कोटलिन-डीएसएल प्लगिन लावा, आणि त्या साठ-सत्तर ओळी एका स्क्रिप्ट फाइलमधे टाका. फाइलचं जे नाव तोच प्लगिनचा आयडी होतो. मग सेटिंग्ज फाइलमधे प्लगिन-मॅनेजमेंटच्या आत इन्क्लूड-बिल्डची एक ओळ टाकली की १४ मॉड्यूलमधे फक्त आयडी लिहायचा. बिल्ड-सोर्स या फोल्डरनेही हेच काम होतं आणि यूट्यूबवर बहुतेक जण तेच शिकवतात, पण त्यातला कोड सगळ्याच बिल्ड स्क्रिप्ट्सच्या क्लासपाथवर (जिथून कोड शोधला जातो त्या यादीत) जाऊन बसतो, मग एक ओळ बदलली तरी सगळीकडे परिणाम. सुरुवात करतच आहात तर वेगळं फोल्डरच करा.

आता खरं सांगते, अवघड काम प्लगिन लिहिण्याचं नाहीये. त्या १४ फाइली 'सारख्या' आहेत असं तुम्ही म्हणताय ना, त्या सारख्या नसतात! आधी एकमेकींशी डिफ करून (फरक काढून) बघा, कुठेतरी तीन मॉड्यूलमधे कोणीतरी दोन वर्षांपूर्वी एक ओळ बदललेली सापडेल, ती का बदलली ते कोणालाच आठवत नसेल, आणि नेमकी तीच ओळ काढली की रिलीज बिल्ड फेल होईल. म्हणून एका दिवसात १४ मॉड्यूल हलवू नका. सगळ्यात साधं मॉड्यूल घ्या, हलवा, डिपेंडन्सीजची (लागणाऱ्या बाहेरच्या लायब्ररींची) यादी आधीची आणि नंतरची शेजारी ठेवून जुळवा, मग दुसरं.

प्रश्न : मी कंपनीसाठी एक प्लगिन लिहिलंय, छान चालतंय. पण सर्व्हरवर चेक टास्क (टास्क म्हणजे बिल्डमधलं एक काम) चालवला की त्यात व्हॅलिडेट-प्लगिन्स नावाचं काहीतरी फेल होतं, एकदम ११ एरर. बहुतेक ठिकाणी 'मिसिंग ॲन इनपुट ऑर आउटपुट ॲनोटेशन' असं आहे. मित्र म्हणाला सगळीकडे @इंटर्नल हे ॲनोटेशन (कोडमधे @ लावून लिहायची खूण) लावून टाक. लावलं, एरर गेले. हे बरोबर आहे का? (नाशिकहून एक वाचक)

उत्तर : नाही. विचारलंत ते बरं केलंत, आता ते सगळे इंटर्नल काढा आणि एकेक करून बघू.

ग्रेडलचा सगळा वेग एकाच गोष्टीवर उभा आहे, हा टास्क परत चालवायची गरज आहे का नाही ते त्याला कळतं. कसं कळतं? तुम्ही सांगितलेल्या इनपुटचे आणि आउटपुटचे ठसे ते घेऊन ठेवतं, पुढच्या वेळी ताडून बघतं, सगळं तसंच असेल तर टास्कपुढे अप-टु-डेट लिहून पुढे जातं. आता घरी पाहुणे आलेत हे दूधवाल्याला सांगितलंच नाही तर तो रोजचं एक लिटरच टाकून जाणार, त्यात त्याचा काय दोष? @इंटर्नल म्हणजे ग्रेडलला असं सांगणं, की या प्रॉपर्टीकडे बघूच नकोस, हिच्यामुळे काही फरक पडत नाही. फरक पडत असेल तर तुम्ही त्याच्याशी सरळ खोटं बोललात.

हे ज्ञान मला फुकट मिळालेलं नाही. पूर्वी जिथे काम करायचे तिथे मी एक छोटा टास्क लिहिला होता, व्हर्जनची प्रॉपर्टीज फाइल वाचायची आणि त्यातून एक कोटलिन फाइल तयार करायची, म्हणजे ॲपच्या 'अबाउट' स्क्रीनवर आकडा दिसेल. ॲनोटेशन नाही म्हणून व्हॅलिडेटर ओरडला, शुक्रवारची संध्याकाळ होती, इंटर्नल टाकलं आणि घरी गेले. तीन आठवड्यांनी व्हर्जन ४.२ चं ४.३ झालं. सर्व्हरवर आधीच्या बिल्डचं फोल्डर तसंच पडलेलं होतं, ग्रेडलने माझ्या टास्ककडे बघितलं, सांगितलेलं काहीच बदललेलं नव्हतं, अप-टु-डेट. बिल्ड हिरवा. टेस्ट हिरव्या. ॲप गेलं लोकांच्या हातात आणि अबाउट स्क्रीनवर ४.२! सपोर्टवाले दोन दिवस लोकांना सांगतायत की आधी अपडेट करा, आणि लोक सांगतायत की केलंय हो. माझ्या लॅपटॉपवर मात्र बरोबर दिसायचं, कारण मी सवयीने दर वेळी आधी क्लीन मारायचे, म्हणजे आधीच्या बिल्डचं सगळं पुसायचे. त्या क्लीनच्या सवयीनेच माझा बग इतके दिवस झाकला.

तर तुमच्या ११ एररचं. नीट वाचलेत तर ते ११ प्रकारचे नसतील, तीन-चार प्रकारचे असतील. प्रत्येक प्रॉपर्टीला एकच प्रश्न विचारा, ही बदलली तर तयार होणारी फाइल बदलेल का? हो असेल तर ते इनपुट. साधी स्ट्रिंग, आकडा, हो-नाही असेल तर @इनपुट. फाइल असेल तर @इनपुट-फाइल, फोल्डर असेल तर @इनपुट-डिरेक्टरी. इथे एक चूक सगळे करतात, फाइल टाइपच्या प्रॉपर्टीवर नुसतं @इनपुट लावतात. त्याचा अर्थ ग्रेडल त्या फाइलचा पत्ता लक्षात ठेवतं, आतला मजकूर नाही. मजकूर बदलला, पत्ता तोच, परत तेच अप-टु-डेट. सुदैवाने हे व्हॅलिडेटरला दिसतं आणि तो एरर देतो.

टास्कवर @कॅशेबल-टास्क लावलं असेल तर आणखी एक एरर दिसेल, नॉर्मलायझेशन स्ट्रॅटेजी नाही म्हणून. लोक याला कागदोपत्री कटकट समजतात, पण कारण बघा. फाइलचा पूर्ण पत्ता इनपुट धरला तर तुमच्या लॅपटॉपवरचा पत्ता तुमच्या नावाच्या होम फोल्डरने सुरू होतो आणि सर्व्हरवरचा भलत्याच फोल्डरने, म्हणजे तीच फाइल, तोच मजकूर, तरी बिल्ड कॅशेला (एकदा तयार झालेलं परत वापरायला साठवतात ती जागा) दोन्ही वेगळे वाटणार आणि सर्व्हरने तयार केलेलं तुम्हाला कधीच मिळणार नाही. म्हणून @पाथ-सेन्सिटिव्ह लावून सांगायचं, की फक्त रिलेटिव्ह पत्ता बघ, किंवा पत्त्याकडे बघूच नकोस, नुसता मजकूर बघ. एकाच फाइलवर काम असेल आणि नावाला महत्त्व नसेल तर मी सरळ 'नन' लावते.

मग इंटर्नल लावायचं कधी? एखादी प्रॉपर्टी दुसऱ्या ॲनोटेशन लावलेल्या प्रॉपर्टीवरूनच तयार होत असेल तर, किंवा फक्त आउटपुटचा पत्ता जुळवायला घेतलेलं मूळ फोल्डर असेल तर. आणि जी फक्त स्क्रीनवर काय छापायचं तेवढं ठरवते तिच्यासाठी @कन्सोल म्हणून वेगळं ॲनोटेशनच आहे, फार जणांना ते माहीत नसतं.

हे सगळं करून व्हॅलिडेटर हिरवा झाला तरी लगेच पेढे वाटू नका. तो क्लासकडे बघतो, क्लास चालताना काय करतो ते त्याला दिसत नाही. टास्कच्या पोटात तुम्ही एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल वाचलंत, घड्याळ बघितलंत, शेजारच्या फोल्डरमधली न सांगितलेली एखादी फाइल उघडलीत, त्याला पत्ता लागणार नाही. 'एनेबल-स्ट्रिक्टर-व्हॅलिडेशन' चालू करा, जास्त कडक तपासेल, पण घड्याळ त्यालाही दिसत नाही.

प्रश्न : युनिट टेस्ट सगळ्या पास, कव्हरेज (टेस्टनी तपासलेला कोड) नव्वद टक्क्यांच्या वर. तरी दुसऱ्या टीमने प्लगिन लावलं की पहिल्याच मिनिटाला फेल. टेस्ट नक्की कशा लिहायच्या असतात? (बंगळूरहून एक वाचक)

उत्तर : तुमच्या टेस्ट प्रोजेक्ट-बिल्डरवर लिहिलेल्या असणार, पैज लावते. ती वस्तू खोटा प्रोजेक्ट देते, त्यावर प्लगिन लागलं का, टास्क रजिस्टर झाला का, एवढं बघायला ठीक आहे. पण त्यात बिल्ड चालतच नाही. लग्नाची पत्रिका छापून झाली म्हणजे लग्न लागलं असं नाही ना.

ग्रेडल टेस्टकिट वापरा. टेस्टमधेच टेम्पररी फोल्डर करायचं, त्यात दोन ओळींची सेटिंग्ज फाइल आणि पाच ओळींची बिल्ड फाइल लिहायची, अगदी दुसरी टीम लिहील तशी, आणि ग्रेडल-रनरला सांगायचं की विथ-प्लगिन-क्लासपाथ लावून हा टास्क चालव. तो खरंखुरं ग्रेडल चालवतो. शेवटी टास्कचा आउटकम हातात येतो, सक्सेस, फेल्ड, अप-टु-डेट, फ्रॉम-कॅशे वगैरे.

मी प्रत्येक टास्कसाठी निदान तीन टेस्ट लिहितेच. पहिली, एकाच फोल्डरमधे दोनदा चालवायचा, पहिल्यांदा सक्सेस आला पाहिजे आणि दुसऱ्यांदा अप-टु-डेट. दुसरी, मधे इनपुट फाइलमधलं एक अक्षर बदलायचं आणि परत चालवायचा, आता परत सक्सेसच आला पाहिजे, ही टेस्ट मी तेव्हा लिहिली असती तर वरचं ४.२ चं प्रकरण झालंच नसतं. तिसरी माझी आवडती, तोच प्रोजेक्ट दोन वेगवेगळ्या फोल्डरमधे ठेवायचा, दोघांना एकच लोकल बिल्ड कॅशे द्यायचा, पहिल्यात चालवायचा आणि मग दुसऱ्यात, दुसऱ्यात फ्रॉम-कॅशे आलं पाहिजे. नाही आलं तर कुठेतरी पूर्ण पत्ता घुसलाय.

याच्यावर एक चौथी जोडा असं हल्ली सांगायला लागलेय, इनपुट न बदलता सगळं पुसून दोनदा चालवायचं आणि दोन्ही आउटपुट फाइली बाइट-टु-बाइट सारख्या आहेत का बघायचं. जावाच्या प्रॉपर्टीज क्लासची स्टोअर मेथड वापरत असाल तर इथे हमखास गचकाल, कारण ती फाइलच्या डोक्यावर आजची तारीख आणि वेळ कॉमेंट म्हणून लिहून ठेवते! कोणी मागितली होती? पण लिहिते. मग त्या फाइलवर अवलंबून असलेले पुढचे टास्क विनाकारण परत चालत बसतात. याच दुखण्यासाठी ग्रेडलमधे राइट-प्रॉपर्टीज नावाचा तयार टास्क आहे, तो तारीख लिहीत नाही.

आणि दुसऱ्या टीमचं ग्रेडल कोणतं आहे ते आधी विचारा. विथ-ग्रेडल-व्हर्जन लावून तीच टेस्ट दोन-तीन व्हर्जनवर चालवता येते, निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

प्रश्न : कॉन्फिगरेशन कॅशे चालू केला आणि 'इन्व्होकेशन ऑफ टास्क डॉट प्रोजेक्ट ॲट एक्झिक्यूशन टाइम इज अनसपोर्टेड' असा एरर आला. कॅशे बंद करून टाकू का? (ठाण्याहून एक वाचक)

उत्तर : आज बंद करा हवं तर, पण किती दिवस पळणार? हे प्रकरण २०२३ मधे ग्रेडल ८.१ ला स्टेबल झालं आणि २०२५ मधे ९ आलं तेव्हा ग्रेडलवाल्यांनी हीच आमची पसंतीची पद्धत असं सांगूनही टाकलं.

दुसऱ्या वेळेपासून, मधे काही बदललं नसेल तर, ग्रेडल तुमच्या बिल्ड फाइली चालवतच नाही, मागच्या वेळी साठवलेली टास्कची साखळी उचलून थेट कामाला लागतं. तिथे प्रोजेक्ट नावाचं ऑब्जेक्ट हजरच नसतं, आणि तुमचा टास्क चालता चालता त्यालाच हाका मारतोय. उपाय असा, की प्रोजेक्टकडून जे हवं ते रजिस्टर करतानाच मागून घ्या आणि टास्कच्या प्रॉपर्टीमधे ठेवा, नाव, व्हर्जन, फोल्डर, जे असेल ते. बाहेरची कमांड चालवायची असेल तर एक्झेक-ऑपरेशन्स आणि फाइली कॉपी-डिलीट करायच्या असतील तर फाइल-सिस्टिम-ऑपरेशन्स इंजेक्ट करून घ्या. एरर आला की बिल्डच्या रिपोर्ट्स फोल्डरमधे एचटीएमएल रिपोर्टही पडतो, त्यात नेमकी ओळ दिसते. आणि प्लगिनमधे आफ्टर-इव्हॅल्युएटचे (बिल्ड फाइल वाचून झाल्यावर चालणाऱ्या कोडचे) थर चढवले असतील तर तेही याच वेळी उपसून काढा, तो जुगाड आहे, दोन प्लगिननी केला की आधी कोण आणि नंतर कोण यावरच सगळं अवलंबून राहतं.

प्रश्न : आमचं प्लगिन भाषांतराच्या फाइली वाचून कोड तयार करतं. माझ्या लिनक्सवर मराठी नीट येतं, पण विंडोजवाल्या सहकाऱ्याकडे काही ठिकाणी प्रश्नचिन्हं आणि काही ठिकाणी विचित्र अक्षरं. ग्रेडलचा बग आहे का? (नागपूरहून एक वाचक)

उत्तर : ग्रेडल बिचारं निर्दोष आहे. तुम्ही फाइल वाचताना किंवा लिहिताना एन्कोडिंग (कोणत्या अक्षराचे कोणते बाइट त्याचा नियम) सांगितलेलं नाही, मग जावा मशीनचं डिफॉल्ट घेतं, लिनक्सवर ते सहसा यूटीएफ-८ असतं आणि विंडोजवर १२५२ नावाचं जुनं पाश्चात्त्य एन्कोडिंग. जावा १८ पासून, म्हणजे २०२२ पासून, डिफॉल्ट सगळीकडे यूटीएफ-८ झालंय, पण सहकाऱ्याकडे ११ किंवा १७ असणार.

लक्षणं तुम्ही दोन सांगितलीत आणि दोघांची कारणं वेगळी आहेत. जिथे नुसती प्रश्नचिन्हं दिसतायत तिथे लिहिताना गडबड झालीय, १२५२ मधे 'क' बसवायला जागाच नाही म्हणून जावाने प्रश्नचिन्ह ठेवलं, मूळ अक्षर गेलं ते गेलं. आणि जिथे डोक्यावर तिरकी रेघ असलेला लॅटिन 'ए' आणि त्याच्या शेजारी येनच्या चिन्हासारखं काहीतरी परत परत दिसतंय तिथे वाचताना गडबड झालीय. देवनागरीचं प्रत्येक अक्षर, काना-वेलांटीसकट, यूटीएफ-८ मधे ३ बाइट घेतं आणि पहिला बाइट सगळ्यांचा एकच असतो, तोच १२५२ मधे तो 'ए' म्हणून दिसतो. आपण लहानपणी जत्रेत आरशासमोर उभे राहायचो तसं, माणूस तोच, आरसा वाकडा.

फाइल-रीडर, फाइल-रायटर, गेट-बाइट्स, जिथे जिथे एन्कोडिंग न देता वापरलंय तिथे यूटीएफ-८ स्पष्ट लिहा, जावा-कंपाइल टास्कच्या ऑप्शन्समधेही लिहा. ग्रेडल प्रॉपर्टीजमधे फाइल-एन्कोडिंगचा जेव्हीएम आर्ग्युमेंट टाकूनही बरं होतं, पण ते वापरणाऱ्याच्या प्रोजेक्टमधे टाकावं लागतं, आणि आपल्या प्लगिनची चूक त्यांनी का निस्तरायची? टेस्टमधे 'ज्ञ' आणि 'र्‍हस्व' सारखे दोन शब्द कायमचे घालून ठेवा आणि ती टेस्ट विंडोजवरही चालवा.

जाता जाता एक गंमत, हीही आपल्याच लोकांना भेटते. मशीनची भाषा मराठी ठेवलेल्या एकाकडे प्लगिनने तयार केलेल्या फाइलचं नाव शेवटी '१२' असं देवनागरी आकड्यात आलं आणि पुढच्या स्क्रिप्टला ती फाइल सापडेना. स्ट्रिंग-फॉरमॅटमधे टक्का-डी वापरलं की जावा ९ पासून मराठी लोकेलला (मशीनच्या भाषा-प्रदेशाच्या सेटिंगला) आकडे देवनागरी येतात. जावाचं कौतुक करावं का डोक्याला हात लावावा! मशीनसाठी लिहिताय तिथे लोकेल-रूट द्या.

प्रश्न : प्लगिन कंपनीच्या खासगी रिपॉझिटरीवर (लायब्ररी ठेवायच्या सर्व्हरवर) टाकलं, जार (जावा कोडची पॅक केलेली फाइल) तिथे दिसतोय, तरी 'प्लगिन नॉट फाउंड'. (पुण्याहून एक वाचिका)

उत्तर : जार हाताने अपलोड केलात का? आयडीवरून जार शोधायला ग्रेडलला एक मार्कर आर्टिफॅक्ट, म्हणजे खुणेची छोटी फाइल, लागतं, आयडी आणि त्याला जोडून डॉट-ग्रेडल-डॉट-प्लगिन अशा नावाचं. जावा-ग्रेडल-प्लगिन आणि मेव्हन-पब्लिश दोन्ही लावून पब्लिश केलंत तर ते आपोआप जातं. मग वापरणाऱ्याच्या सेटिंग्ज फाइलमधे प्लगिन-मॅनेजमेंटखाली तुमची रिपॉझिटरी लिहा, आणि तिथेच खाली ग्रेडल-प्लगिन-पोर्टलही लिहा, कारण एकदा स्वतःची रिपॉझिटरी लिहिली की डिफॉल्टचं पोर्टल बाजूला होतं आणि कालपर्यंत सापडणारी बाकीची प्लगिन्सही सापडेनाशी होतात.

प्रश्न : आम्ही अजून मेव्हनवर (ग्रेडलसारखंच दुसरं बिल्ड साधन) आहोत, आम्हाला यातलं काय लागू? (कोल्हापूरहून एक वाचक)

उत्तर : एन्कोडिंगचं आणि घड्याळाचं सगळं लागू. इनपुट-आउटपुटचा इतका जाच मेव्हनमधे नाही, तिथे मोजो (मेव्हनच्या प्लगिनमधला एक काम करणारा क्लास) लिहायचा आणि त्याला पॅरामीटर द्यायचे. खऱ्या बिल्डवर तपासायला मेव्हन-इन्व्होकर-प्लगिन आहे, एसआरसी-आयटी फोल्डरमधे छोटे छोटे प्रोजेक्ट ठेवायचे, तो ते चालवून दाखवतो. आणि प्लगिनचं नाव ठेवताना 'मेव्हन' हा शब्द पुढे घेऊन 'मेव्हन-अमुक-प्लगिन' असं करू नका, ती पद्धत अपाचेच्या स्वतःच्या प्लगिन्ससाठी राखीव आहे. तुमचं 'अमुक-मेव्हन-प्लगिन'.